ग्राफिक्स कार्ड बदलावं का? डिचोलीतल्या एका पीसीचं प्रकरण

फोंड्यात मी संगणक जोडणी आणि दुरुस्तीचं काम करतो. ‘दादा, कार्ड बदलू का?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. त्याला फक्त दुजोरा हवा असतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की यातल्या तरुणाने दुजोऱ्याऐवजी मोजमाप मान्य केलं. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय बदललं, त्याची नोंद राहिली. माणसाचं नाव देत नाही. तो डिचोली तालुक्यातला, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करणारा.

२०२५ च्या जूनमध्ये तो आला तेव्हा खिशात तीस हजार रुपये होते आणि मनात आरटीएक्स ५०६०. हे कार्ड मे महिन्यात नुकतंच बाजारात आलं होतं. त्याच महिन्यात ‘डूम: द डार्क एजेस’ हा गेमही आला आणि त्याच्या पीसीवर तो सुरूच होत नव्हता. खरी ठिणगी तिथे पडली होती. बाकीची तक्रार जुनी: ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये ऐन चकमकीत चित्र अडखळतं, ‘सायबरपंक २०७७’ मध्ये बाजारपेठेत शिरलं की हालचाल जड होते.

पीसी २०१९ च्या सुरुवातीला जोडलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० हे ६ जीबीचं कार्ड, ८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या, एक एसएसडी, साधा १०८० पीचा ६० हर्ट्झचा मॉनिटर. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, नाव-गाव नसलेला, वर ‘४५० वॅट’ असं छापलेलं. घरात या पीसीवर त्याच्या बहिणीचाही तेवढाच हक्क. गावच्या उत्सवातल्या मराठी नाटकांचं चित्रीकरण ती करते आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये संकलित करते. म्हणजे पैसे एकाचे असले तरी निर्णय दोघांचा होता.

मी त्याला पहिलं विचारलं, तू खेळतोस काय? आवडतं काय ते नाही, आठवड्यात प्रत्यक्ष काय खेळतोस? उत्तर प्रामाणिक मिळालं. पाळी सुटल्यावर मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक, तेच सगळ्यात जास्त. रविवारी सायबरपंक. डूम खेळायचा आहे, पण अजून खेळता आलेला नाही. या तीन खेळांची दुखणी तीन वेगळी असणार, हे मला तिथेच वाटलं होतं. पण वाटण्यावर तीस हजार खर्च करू नयेत.

दुखणं कुठे आहे ते कसं शोधलं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, तापमान, घड्याळगती, प्रोसेसरच्या प्रत्येक धाग्याचा (एकाच वेळी चालणाऱ्या एकेका कामाचा) भार आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ हे सगळं दिसतं. सरासरी एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) हा यातला सगळ्यात फसवा आकडा. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी साठच राहील, पण मधेच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेईल, आणि डोळ्याला खुपते ती नेमकी तीच. म्हणून फ्रेमवेळेचा आलेख आणि सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमांचा आकडा पाहायचा.

कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटून असेल, तर कार्ड जीव तोडून काम करतंय आणि तेच कमी पडतंय. वापर ६०-७० वर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड वाट पाहत बसलंय. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. रायझन ५ २६०० ला सहा गाभे (कोअर) आणि बारा धागे आहेत. खेळाचा मुख्य धागा पूर्ण दमलेला असला तरी एकूण वापर ३५-४० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, ‘प्रोसेसर तर निवांत आहे.’ दुसरी खूण आणखी खात्रीची. खेळाचं रिझोल्यूशन अगदी तळाला आणायचं. कार्डाचं ओझं उतरूनही एफपीएस वाढत नसेल, तर दिसणारा आकडा ही प्रोसेसरची कमाल मर्यादा. त्या पीसीत जगातलं कुठलंही कार्ड घातलं तरी, त्याच सेटिंगवर, तो खेळ त्या आकड्याच्या वर जाणार नाही. देवळातल्या महाप्रसादाला आचाऱ्याचा भातच शिजायचा असेल, तर वाढपी वाढवून पंगत लवकर उठत नाही.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सगळ्या सेटिंग खाली असताना सरासरी शंभराच्या आसपास होती, पण धुराचे गोळे फुटले की आकडा साठीच्या खाली घसरत होता. कार्डाचा वापर साठ-पासष्ट टक्के. म्हणजे जो खेळ तो सगळ्यात जास्त खेळतो, त्याच्यासाठी नवं कार्ड जवळजवळ निरुपयोगी ठरणार होतं. त्याचा चेहरा उतरला, पण आकडे समोर होते.

सायबरपंकमध्ये चित्र उलटं. मध्यम-खालच्या सेटिंगवर चाळिशीच्या आतबाहेर आणि कार्ड ९८ टक्क्यांवर. इथे कार्ड कमी पडतंय हे उघड होतं. जीटीएक्स १०६० ६ जीबी हे या खेळाच्या किमान गरजेतलं कार्ड, त्यामुळे नवल नाही. पण एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवण्याची सोय) अल्ट्रा परफॉर्मन्सवर नेलं, जिथे १०८० पीचं चित्र आतून ६४० बाय ३६० वर काढलं जातं, तर आकडा पन्नाशीच्या थोडा वर जाऊन थांबला आणि कार्डाचा वापर खाली आला. म्हणजे कार्ड कमी पडतंय हे खरं, पण त्याच्या लगेच मागे प्रोसेसर उभा आहे. आरटीएक्स ५०६० घालून त्याला चाळीसचे पन्नास मिळाले असते आणि उरलेली ताकद पडून राहिली असती.

डूमच्या बाबतीत मोजण्यासारखं काहीच नव्हतं. या खेळाला रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं) काम हार्डवेअरमध्ये करणारं कार्ड सक्तीचं आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेमही तसाच. जीटीएक्स १०६० २०१६ चं, पास्कल पिढीचं. त्यात ती सोयच नाही. तिथे सेटिंग खाली करून भागत नाही, प्रश्न हो किंवा नाही एवढाच असतो. जुनं कार्ड कधी टाकावं याचा इतका स्पष्ट निकष पूर्वी नव्हता. पूर्वी जुन्या कार्डावर खेळ हळू चालायचा, पण चालायचा.

फुकटात जे निघालं

कॅबिनेट उघडल्यावर दोन गोष्टी सापडल्या. त्यांतली एक प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या पीसीत सापडते, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरजवळच्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत शेजारीशेजारी बसवलेल्या होत्या. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. तसं केलं की प्रोसेसर दोन्ही वाहिन्यांतून एकाच वेळी वाचतो. शेजारी बसवल्या तर दोन्ही पट्ट्या एकाच वाहिनीवर येतात आणि रॅमचा वेग सरळ निम्मा होतो. शिवाय पट्ट्यांवर ३००० छापलेलं असताना टास्क मॅनेजर २४०० दाखवत होता, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, कुणी चालूच केली नव्हती. या पिढीच्या रायझनमध्ये गाभ्यांचे गट ज्या अंतर्गत जाळ्याने जोडलेले असतात, त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. त्यामुळे मंद रॅमचा फटका इथे दुहेरी बसतो. आम्ही पट्ट्या हलवल्या आणि वेग २९३३ वर ठेवला. रायझन ५ २६०० ची अधिकृत कमाल तेवढीच आहे आणि मला ओढाताण करायची नव्हती.

काउंटर-स्ट्राइकची सरासरी शंभरावरून एकशे तीस-चाळीसवर गेली. धुरातही आकडा ऐंशीच्या खाली येईना. सायबरपंकमधली प्रोसेसरची मर्यादा पन्नाशीवरून साठीवर गेली. सहा वर्षं हा वेग त्या पेटीत पडून होता. पीसी जोडून देणाऱ्याने शेवटची दहा मिनिटं दिली नाहीत की हे असं होतं. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला मनापासून खटकते.

दुसरी गोष्ट धुळीची. घर चिऱ्याचं, वर कौलं, खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या. आपल्याकडची धूळ कोरडी राहत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये लगद्यासारखी बसते आणि मग फुंकून निघत नाही. कार्ड ८३ अंशांना टेकत होतं. पास्कल कार्डाचं तापमान वाढत जातं तसं ते आपली घड्याळगती पायरीपायरीने उतरवतं आणि ८३ च्या लक्ष्याशी पोहोचलं की आणखी आखडतं. हे भर पावसात, खोली त्यातल्या त्यात थंड असताना. एप्रिल-मे मध्ये काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. कार्ड खोलून पाती ब्रशने साफ केली, वाळून पापडी झालेली थर्मल पेस्ट काढून नवी लावली. तापमान सत्तरीच्या थोडं वर स्थिरावलं आणि घड्याळगती टिकायला लागली. सायबरपंकमध्ये एफपीएस फक्त दोन-तीनने वाढले, पण अर्ध्या तासानंतर येणारी मरगळ गेली.

हे सगळं झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता चवथीपर्यंत काही घेऊ नकोस, असंच खेळ.

वीज, एसएमपीएस आणि ते तीस हजार

तो थांबला, पण दर आठवड्याला नव्या कार्डांचे दुवे पाठवत राहिला. ते पाहताना आम्ही एक गोष्ट पक्की केली: कार्ड निवडताना त्याच्या बोर्डाचा विचार आधी. बी४५० वर ग्राफिक्स कार्डाची खाच पीसीआय एक्सप्रेस ३.० ची, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या वाटेची जुनी पिढी. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० या सगळ्या कार्डांना सोळाऐवजी आठच वाहिन्या (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) जोडलेल्या आहेत. नव्या बोर्डावर त्याने फरक पडत नाही. जुन्या बोर्डावर मात्र वाट अरुंद होते. कार्डाच्या स्मृतीत खेळ मावतो तोवर हे जाणवतही नाही. ८ जीबी भरली आणि टेक्स्चर रॅममधून ये-जा करू लागलं, की तिथे झटके बसतात. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच वाहिन्या आणि ४ जीबी. स्वस्त मिळालं म्हणून ते जुन्या बोर्डावर घालू नये. सोळाही वाहिन्या असलेली, त्याच्या आवाक्यातली दोन कार्डं दिसत होती: २०२१ चं आरटीएक्स ३०६० १२ जीबी आणि जून २०२५ मध्ये आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी.

इंटेलचं आर्क बी५८० त्याला फार खुणावत होतं. १२ जीबी आणि किंमत बरी. पण हे कार्ड रीसाइझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणाऱ्या सोयीशिवाय) नीट चालत नाही, आणि जुन्या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरबरोबर त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर इतकं काम टाकतो की कागदावरची कामगिरी प्रत्यक्षात उतरत नाही. रायझन ५ २६०० वाल्याला हे कार्ड सुचवणं मला पटलं नाही.

मग एसएमपीएस. वॅटचा हिशेब केला तर आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट लागतात, जुन्या कार्डाला १२० लागत होते. पूर्ण पीसी भर खेळातही तीनशेच्या आत राहिला असता. म्हणजे कागदावर ४५० पुरेसे होते. पण ते छापलेले ४५० होते. त्या डब्याचं वजनच सांगत होतं की आत फारसं काही नाही, आणि सहा पावसाळे त्याने काढलेले. आपल्याकडे मे महिन्यातल्या आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराच्या गडगडाटात वीज किती वेळा जाते-येते, ते डिचोली-सत्तरीकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. वरून त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. कॅबिनेटच्या कडेला उलटा हात लावला की मुंग्या येत. त्याच्या आईलाही हे माहीत होतं, ‘पीसी शॉक देतो’ म्हणून ती पुसताना चप्पल घालायची. तीस हजारांच्या कार्डाआधी मी वायरमनला बोलवायला लावलं. ते काम पाचशे-सातशे रुपयांत झालं आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च तोच.

यूपीएस ६०० व्हीएचा होता, म्हणजे साधारण ३६० वॅट. मॉनिटर धरून भार तीनशेच्या वर गेला, तर नेमकी वीज गेल्या क्षणी तो हात टेकण्याची भीती. १९० वॅटचं आर्क त्यामुळेही मागे पडलं.

दरम्यान जुलैअखेर जीटीएक्स-आरटीएक्स कार्डांच्या कंपनीने, एनव्हिडियाने, जाहीर केलं की मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे. त्याने ही बातमी मला पाठवली, खाली एकच ओळ: ‘आता तरी?’ मी म्हटलं, आता हो, पण क्रम बदलून.

क्रम

बी४५० बोर्डाचं एक मोठं सुख असं की बायोस अद्ययावत केलं की त्यावर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच खाचेत, त्याच रॅमबरोबर, ६५ वॅटमध्येच चालतो. एकेका धाग्याची ताकद मात्र २६०० पेक्षा खूप जास्त आणि ३२ एमबीची कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) सगळ्या सहा गाभ्यांना एकत्र. नावाला जवळचा आणि किमतीला थोडा स्वस्त रायझन ५ ५५०० मिळतो, पण त्याची कॅश निम्मी आहे. खेळांसाठी घेताना हा फरक पाहावाच. सगळा पीसी बदलून एएम५ वर (रायझनच्या नव्या बोर्डांवर) जायचं म्हटलं, तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम तिन्ही नवं घ्यावं लागलं असतं, आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकत गेले. तो विचार आम्ही दोन वाक्यांत संपवला. विंडोज ११ साठीही प्रोसेसर बदलायची गरज नव्हती, २६०० त्या यादीत आहे.

चवथीच्या आधी रायझन ५ ५६०० आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला. दोन्ही मिळून चौदा हजारांच्या आसपास. बायोस आधी जुना प्रोसेसर असतानाच अद्ययावत करावं लागतं, नाहीतर नवा बसवल्यावर पीसी उठतच नाही. आणि ते काम चालू असताना वीज गेली तर बोर्डच जातो. म्हणून ऑगस्टच्या त्या दिवसांत यूपीएसची बॅटरी तपासून, बाहेर पाऊस थांबलेला पाहून, मगच हात घातला.

परत मोजलं. काउंटर-स्ट्राइक एकशे नव्वदच्या पुढे गेलं, आणि या वेळी जुनं कार्ड ९७ टक्क्यांवर होतं. भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकलेला स्पष्ट दिसत होता. सायबरपंकची सरासरी फारशी हलली नाही, पंचेचाळीसच्या आसपास राहिली, पण बाजारपेठेतले झटके जवळजवळ गेले. मला हवा होता तो आकडा मात्र तळाच्या रिझोल्यूशनचा. तो साठीवरून नव्वदीच्या पुढे गेला होता. म्हणजे आता कार्ड बदललं, तर त्याला वर जायला जागा होती. जूनमध्ये ‘कार्ड घेऊ का’ याला माझं उत्तर नाही असं होतं. सप्टेंबरात त्याच पीसीवर, त्याच खेळासाठी, ते हो झालं.

उरलेल्या सोळा हजारांत नवं कार्ड बसत नव्हतं. आरएक्स ९०६० एक्सटी आवाक्याबाहेर. एएमडीच्या नव्या आरएक्स ६६०० चा विचार झाला. एएमडीचे ड्रायव्हर मंद प्रोसेसरवर कमी भार टाकतात, पण प्रोसेसर बदलल्यावर तो मुद्दा उरला नव्हता, आणि आठ वाहिन्यांची अडचण होतीच. इथे बहिणीचं म्हणणं निर्णायक ठरलं. दोन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, वर रंगदुरुस्ती आणि अंधारात घेतलेल्या चित्रातले दाणे घालवण्यासाठी नॉइज रिडक्शन. रिझॉल्व्ह हे सगळं कार्डावर टाकतं, आणि ६ जीबीवर तिला कार्डाची स्मृती संपल्याचा संदेश यायचा. तिला १२ जीबी हवी होती. म्हणून वापरलेलं आरटीएक्स ३०६०.

वापरलेलं कार्ड गोव्यात घेताना एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही. खाऱ्या हवेची. पहिलं कार्ड पाहिलं ते किनाऱ्यालगतच्या एका भाड्याच्या खोलीतलं. चालत होतं, किंमतही कमी. पण मागच्या पट्टीवर पांढरट चुरा, स्क्रूंना गंज आणि एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट डाग. बाहेर इतकं दिसतं तेव्हा आतल्या सोल्डरवर काय असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. सोडून दिलं. समुद्रापासून आत असलेल्या घरातलं, रोज वापरात असलेलं कार्ड मला बंद पडून राहिलेल्या कार्डापेक्षा बरं वाटतं. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं.

दुसरं मडगावच्या एका विद्यार्थ्याकडे मिळालं. बिल होतं, वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते. खाणकामात, म्हणजे इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये राबलेलं असेल का, ही शंका सगळ्यांना असते. इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं आणि बिल त्यानंतरचं होतं, त्यामुळे त्यात वेळ घालवला नाही. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून कार्ड तेच आहे ना ते पाहिलं, कारण जुन्या चिपवर नव्याचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात असतात. मग अर्धा तास पूर्ण भार देऊन गाभ्याचं आणि हॉटस्पॉटचं (चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावर कुठे ठिपके येतात का, एवढं बघितलं. साडेसोळा हजारांत ठरलं. एकूण हिशेब साडेतीस हजार आणि वर वायरमनचे. जूनमध्ये जे पैसे एका कार्डात जाणार होते, तेवढेच.

आता काय स्थिती आहे

डूम चालतो. सायबरपंक रे ट्रेसिंगशिवाय, वरच्या-मध्यम सेटिंगवर पासष्टच्या आसपास, डीएलएसएस (एफएसआरसारखीच एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर त्याहून वर. मॉनिटर ६० चा असल्यामुळे त्याने मर्यादा साठवर बांधून टाकली. कार्ड शांत चालतं, खोली कमी तापते. बहिणीचा स्मृतीचा संदेश बंद झाला आणि कार्तिकातल्या उत्सवाचं नाटक तिने रात्रीत संकलित केलं.

या निवडीत गमावलेलंही आहे. आरटीएक्स ३०६० ला डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमांमध्ये तयार केलेली फ्रेम घालणं) मिळत नाही, ते ४० मालिकेपासून पुढे आहे. १७० वॅट हे आरटीएक्स ५०६० पेक्षा जास्त, आणि नुसत्या वेगातही ते ५०६० च्या मागेच आहे. ज्याच्याकडे आधीच रायझन ५ ५६०० आणि धड एसएमपीएस आहे, त्याला मी हा मार्ग सांगणार नाही. त्याने सरळ नवं कार्ड घ्यावं. ज्याला फक्त काउंटर-स्ट्राइक खेळायचं आहे, त्याने तर कार्डाचे सोळा हजार खर्चच करू नयेत. प्रोसेसर बदलल्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा. १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येण्यातला फरक हाताला लगेच कळतो. त्या तरुणापुढेही आता तोच प्रश्न आहे आणि दिवाळीच्या बोनसवर तो सोडवायचं चाललं आहे.

जुनं जीटीएक्स १०६० आणि रायझन ५ २६०० पेडण्याला मामेभावाकडे गेले. तो दहावीत आहे, त्याला अभ्यासाबरोबर थोडं व्हॅलोरंट खेळायचं आहे, आणि त्या कामाला ही जोडी अजून भरपूर पुरते. त्याच्या एसएमपीएसला जुन्या कार्डाला लागणारी सहा पिनांची वायर आहे का, ते आधी विचारून घेतलं. आहे.